थोरला टॉम मॉरिस

क्रीडासाहित्याच्या दुकानात बॅट निवडणारा मुलगा आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तो ती दोन्ही हातांत तोलून पाहतो, मुठीवर बोटे आवळतो, फळीवर जुना चेंडू आपटून आवाज ऐकतो आणि अखेरीस शेजारी उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहतो. वडिलांच्या मनात एकच प्रश्न असतो, तो म्हणजे ही वस्तू किती दिवस टिकेल. हातास गोड लागणे, वजन बेताचे असणे व टिकाऊपणा हे तीन गुण एकाच वस्तूत क्वचितच मिळतात; म्हणून निवड करावी लागते, आणि निवड आली म्हणजे वादही आलाच. अशाच एका वादामुळे दोन जिवलग मित्रांची ताटातूट झाली. त्या दोघांपैकी जो धाकटा, त्याचे चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहो. त्याचे नाव टॉम मॉरिस. गोल्फ नावाच्या खेळाच्या इतिहासात त्यास थोरला टॉम म्हणतात, कारण त्याचा पुत्रही त्याच नावाचा व त्याच्याहून तेजस्वी असा निघाला.

गोल्फ हा आपल्याकडील बहुतेक मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेला खेळ नव्हे. लहानसा टणक चेंडू लांब काठीने मारीत मारीत दूरच्या एका खळगीत पाडावयाचा, आणि ज्याने कमीत कमी टोल्यांत तो पाडला तो जिंकला, एवढे समजले म्हणजे पुढील हकीकत समजण्यास अडचण पडणार नाही. आमची मुले गोट्या खेळताना गलीत गोटी घालवितात, त्याच जातीचा हा खेळ आहे. फरक इतकाच की येथे गल पावकोस दूर असू शकते, आणि खेळाडूस एकामागून एक अशा अठरा गली घ्याव्या लागतात. लांब टोल्यांसाठी एक काठी, वाळूतून चेंडू काढण्यासाठी दुसरी, आणि खळगीजवळच्या गुळगुळीत हिरवळीवर चेंडू हळूच लोटण्यासाठी तिसरी, असा काठ्यांचा संच असतो. ह्या शेवटच्या काठीस पटर म्हणतात. तिच्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचे एक जुने लहान शहर आहे. एका बाजूस भग्न झालेले प्राचीन कॅथीड्रल, मध्ये 15व्या शतकात स्थापन झालेले विद्यापीठ, आणि दुसऱ्या बाजूस समुद्राला लागून वाळूचे गवताळ मैदान, अशी त्याची रचना आहे. ह्या शहराशी आपल्या देशाचा संबंध वाटतो त्याहून अधिक आहे. कलकत्त्यास विद्यादान करणारे डॉ. अलेक्झांडर डफ ह्याच विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यांचे सहाध्यायी रॉबर्ट नेस्बिट हे 1827 साली मुंबईस उतरले, कोकणच्या किनाऱ्यावर त्यांनी काम केले, मराठी भाषा अशी आत्मसात केली की ऐकणाऱ्याने चकित व्हावे, आणि 1855 साली मुंबईतच त्यांचा अंत झाला. शहरातील मोठ्या शाळेचे नाव तर मद्रास कॉलेज असे आहे. सेंट अँड्र्यूज येथेच जन्मलेले डॉ. अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथालयात मोठ्या मुलांकडून धाकट्यांस शिकविण्याची पद्धत चालविली व तिच्यामुळे कीर्ती आणि द्रव्य मिळविले. त्या द्रव्यातून ही शाळा 1833 साली उघडली. नेस्बिटसाहेब आपल्या किनाऱ्यावर मराठी शिकत होते त्या वर्षांत टॉम मॉरिस हा सेंट अँड्र्यूजच्या गल्ल्यांतून खेळत हिंडणारा मुलगा होता.

त्याचा जन्म 16 जून 1821 रोजी झाला. बाप जॉन मॉरिस हा हातमागावर विणणारा गरीब कोष्टी. त्या गावच्या इतर पोरांप्रमाणे टॉमही हातात काठी धरता येऊ लागताच खेळू लागला. मिळेल तो दगड किंवा लाकडाचा तुकडा हाच त्याचा चेंडू असे. पुढे पोटाच्या उद्योगासाठी बापाने त्यास ॲलन रॉबर्टसन याच्या हाताखाली उमेदवार म्हणून ठेविले. ॲलन त्याच्याहून सहा वर्षांनीच मोठा होता, परंतु त्या काळी त्याच्या तोडीचा खेळाडू कोणी नव्हता. चेंडू बनविणे हा त्याच्या घराण्याचा पिढीजाद धंदा होता आणि घराचे स्वयंपाकघर हाच त्याचा कारखाना होता.

हे चेंडू पिसांचे असत. जाड चामड्याचे तुकडे भिजवून, एक लहानसे भोक ठेवून शिवावयाचे, मग ती पिशवी उलटी करून शिवण आत घ्यावयाची, आणि त्या भोकातून उकडलेली हंसाची पिसे ठासून भरावयाची. एका चेंडूस उंच टोपी भरून पिसे लागत. बोटांनी ती आत जात ना, म्हणून लोखंडी सुया होत्या. त्यांनीही भागेना तेव्हा कारागीर छातीला लाकडी आडवी पट्टी लावून अंगाच्या सर्व भारानिशी आत रेटा देई. भोक शिवून चेंडू वाळत ठेविला म्हणजे चामडे आकसे, पिसे फुगत, आणि दोहोंच्या झगड्यातून तो दगडासारखा टणक होई. नंतर त्यास पांढरा रंग देऊन त्यावर बनविणाराचे नाव व वजनाचा आकडा लिहीत. हलका की भारी, हे खेळाडू वारा पाहून व आपला हात ओळखून ठरवीत असे. वाकबगार कारागिराकडूनही दिवसास तीन किंवा चार चेंडूंपेक्षा अधिक होत नसत. 1844 साली ॲलनच्या त्या स्वयंपाकघरातून 2456 चेंडू बाहेर पडले, आणि काम करणारी माणसे तीनच होती. पिसांची धूळ छातीत जाऊन ह्या धंद्यातील कित्येक माणसे खोकल्याने झिजून मरत, हेही येथे सांगितले पाहिजे.

चेंडू मात्र उत्तम होता. तो हातास जिवंत लागे, काठीवरून सुटताना त्याचा आवाज गोड येई, आणि चांगल्या हाताने तो दोनशे यार्डांपर्यंत जात असे. मद्रास कॉलेजात फ्रेंच शिकविणारे सॅम्युअल मेसियू यांनी 1836 साली एका टोल्यात तो 361 यार्ड नेल्याची नोंद आहे. जमीन त्या दिवशी गोठलेली होती असे म्हणतात, तरीही एका भाषाशिक्षकाची ही मजल लहान नव्हे. परंतु पाऊस आला की चामडे पाणी पिई, चेंडू जड होई आणि शिवण उसवे. काठीचा टोला वाकडा बसला तर तो चिरे. एका चेंडूस अडीच शिलिंगांपासून पाच शिलिंगांपर्यंत मोजावे लागत. मजुराच्या कित्येक दिवसांच्या कमाईचा चेंडू पावसाळी हवेत एका दुपारी वाया जाई. अशा खेळास श्रीमंतांचा म्हटले तर नवल काय?

ह्या दुखण्यावरील औषध पूर्वेकडून आले. मलाया द्वीपकल्पातील एका जातीच्या झाडाचा चीक वाळविला म्हणजे गटापर्चा होतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील शल्यवैद्य विल्यम माँटगोमरी यांनी त्याचे नमुने 1843 साली लंडनला पाठविले. हा पदार्थ ऊन पाण्यात मऊ होतो, हाताने हवा तसा वळतो, आणि थंड झाल्यावर कठीण होऊन घेतलेला आकार धरून राहतो. पाणी त्यात शिरत नाही. समुद्राच्या तळातून तारा नेण्यासाठी तारांवर हेच वेष्टण चढवू लागले. मुंबई व विलायत यांच्यामध्ये 1870 साली जी समुद्रतार जोडली गेली, तिचेही वेष्टण ह्याच झाडाच्या चिकाचे होते. सेंट अँड्र्यूज येथे अशी आख्यायिका सांगतात की पूर्वेकडून एका कुटुंबास विष्णूची मूर्ती भेट आली, ती मोडू नये म्हणून भोवती गटापर्चाचे तुकडे भरले होते, आणि त्या घरच्या रॉबर्ट पॅटर्सन नामक विद्यार्थ्याने ते वितळवून त्यांचा पहिला चेंडू वळला. ही हकीकत खरी असो वा नसो, 1848 साली नवा चेंडू मैदानावर आला हे निश्चित. तो कोणालाही घरच्या घरी, लाडू वळावे तसा दोन तळहातांमध्ये वळता येई. त्याची किंमत शिलिंगभर. आणि फुटला तर तुकडे ऊन पाण्यात घालून पुन्हा नवा करावा.

ॲलनने त्याचे संकट तत्काळ ओळखले. तीन माणसे छातीने रेटून वर्षाकाठी जे निर्माण करीत, ते आता कोणतेही पोर चुलीपाशी बसून करणार होते. त्याने नव्या चेंडूची निंदा आरंभिली, तो खेळण्यास साफ नकार दिला, आणि असे सांगतात की मैदानावर हरवलेले गटापर्चाचे चेंडू पोरांकडून विकत घेऊन तो विस्तवात टाकीत असे. टॉम आता त्याचा उमेदवार राहिला नव्हता. तो त्याच्या हाताखालचा पगारी कारागीर व मैदानावरचा जोडीदार होता. दोघे एका बाजूने खेळले म्हणजे त्यांस कोणी हरवू शकत नसे. मसलबर्ग येथील डन बंधूंशी 1849 साली त्यांचा 400 पौंडांच्या पणाचा सामना झाला, तो तीन गावांच्या मैदानांवर खेळला गेला, आणि शेवटच्या मैदानावर हातचा जात असता ह्या जोडीने तो परत खेचून आणिला. टॉमचे 1844 साली लग्न झाले होते, घरी खाणारी तोंडे वाढत होती, आणि सारी भाकर ॲलनच्या दुकानातून येत होती.

अशा स्थितीत एके दिवशी सॅडेल येथील कॅम्बेल नावाच्या गृहस्थांबरोबर टॉम खेळावयास गेला. त्या काळी मैदानाची मोकळी वाट अरुंद होती व दोन्ही अंगांस काटेरी झुडपे दाट माजलेली होती. टॉमजवळचे सर्व चेंडू एकामागून एक त्या झुडपांत नाहीसे झाले. कॅम्बेलसाहेबांनी आपल्याजवळचा एक गटापर्चाचा चेंडू त्यास देऊ केला. टॉमने तो मारला, आणि तो त्यास पहिल्याच टोल्यापासून पसंत पडला. ते खेळ संपवीत गावाकडे येत असता समोरून ॲलन खेळावयास निघालेला भेटला. टॉम आज नव्या चेंडूने फार सुरेख खेळत आहे, असे कोणी तरी त्यास सहज सांगितले. ॲलन तेथे काही बोलला नाही; पण त्याच्या चेहऱ्यावरचा भाव टॉमला म्हातारपणीही जसाच्या तसा आठवत असे. संध्याकाळी दुकानात दोघांची गाठ पडली, शब्दाने शब्द वाढला, आणि त्याच रात्री टॉमने ती नोकरी सोडली.

ह्यात चूक कोणाची, असे कोणी आम्हांस विचारल्यास निकाल देणे आम्हांस सोपे वाटत नाही. ॲलनला कोता म्हणून मोकळे होता येईल. पण बापजाद्यांचे कसब मातीमोल होताना ज्याने पाहिले नाही, त्याने त्यास हसू नये. गिरणीचे कापड आले तेव्हा आपल्या गावोगावच्या साळ्या-कोष्ट्यांच्या घरी काय झाले ते आमच्या वाचकांस ठाऊक आहे, आणि टॉमच्या बापाच्या मागासही तोच अनुभव येत होता. टॉमचे म्हणणे इतकेच होते की वस्तू हाती घेऊन पाहावी, आणि ती चांगली ठरली तर चांगली म्हणावी. मालकाची मर्जी राखण्यासाठी हातास आलेला अनुभव खोटा म्हणणे त्यास जमले नाही. दोघांनी एकमेकांविषयी वैर मात्र मनात धरले नाही. पुढे ॲलनही गटापर्चाचे चेंडू करू लागला व दोघे पुन्हा एका बाजूने खेळलेही.

नव्या चेंडूचीही खोड होती. तो अगदी गुळगुळीत असल्यामुळे हवेत थोडा जाऊन डुबकी मारी. खेळाडू निराश झाले. पण जे चेंडू पोरांच्या हाती जाऊन टोल्यांनी खरवडले गेले, ते नव्यापेक्षा सरळ व लांब उडतात असे दिसून आले! मग कारागीर नव्या चेंडूवर हातोडीच्या धारेने मुद्दाम खाचा पाडू लागले. थंडीत हा चेंडू ठिसूळ होऊन मध्येच फुटे. तेव्हा सर्वांत मोठा तुकडा जेथे पडेल तेथून दुसरा चेंडू मारावा, असा नियमच करावा लागला. ताजा वळलेला चेंडू लगेच खेळावयास न घेता काही महिने मुरवीत ठेवीत.

1851 साली कर्नल फेअरली यांच्या आश्रयाने टॉम पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे गेला. तेथे नुकताच नवा क्लब स्थापन झाला होता. वाळूच्या टेकड्यांत त्याने बारा खळग्यांचे मैदान आखले, आणि मैदानाची राखण, चेंडू व काठ्या करणे ही सर्व कामे अंगावर घेतली. त्या वेळच्या काठ्यांचे शीर लाकडाचे असे. पिसांच्या चेंडूच्या काळी ते सडपातळ व लांबट नाकाचे असे, आणि काटेरी झाडाचे किंवा सफरचंदाच्या झाडाचे चिवट लाकूड त्यास वापरीत. गटापर्चाचा कठीण चेंडू त्या नाजूक शिरांच्या चिरफळ्या करू लागला. तेव्हा शीर आखूड व जाड झाले, बीच झाडाचे त्या मानाने मऊ लाकूड आले, आणि घाव बसावयाच्या जागी चामड्याचा तुकडा बसविण्याची रीत पडली. पाठीमागे खाच पाडून त्यात शिसे ओतीत, तळाशी पुढच्या कडेला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी बसवीत. दांडी अमेरिकेतील हिकरी लाकडाची; शीर व दांडी तिरकस कापून सरसाने जोडावयाची आणि डांबरी दोऱ्याने आवळावयाची. शिसे किती ओतावे, हा खरा प्रश्न. पटरला ते जास्त झाले तर चेंडू खळगीवरून पुढे धावतो. कमी झाले तर हात थरथरतो आणि चेंडू वाटेतच राहतो. त्यास तराजू उपयोगी पडत नाही. गिऱ्हाइकाच्या हाती काठी देऊन त्याचे मनगट पाहावे लागते. टॉम ह्या कामात निष्णात होता.

आणि गंमत अशी की दुसऱ्यास पटर तोलून देणारा हा कारागीर स्वतः मात्र त्याच काठीने फसत असे. दोनशे यार्डांचा टोला निर्भयपणे मारणारा टॉम खळगीपासून हातभर अंतरावर आला की कचरे. त्याच्या ह्या दोषाची इतकी ख्याती झाली की वुल्फ-मरे नावाच्या एका थट्टेखोर गृहस्थांनी त्यास पत्र पाठविताना पाकिटावर नाव घातलेच नाही. जवळचा चेंडू चुकविणारा, प्रेस्टविक, एवढाच पत्ता लिहिला. टपालवाल्याने ते पत्र बिनचूक टॉमच्या हाती नेऊन दिले. खळगी नेहमी एक यार्ड अलीकडे असती तर आपले वडील फार मोठे पटर खेळाडू झाले असते, असे त्याचा मुलगाही म्हणे. टॉम ह्या थट्टेने रागावत नसे. ते पत्र त्याने लोकांस दाखविले व स्वतःही हसला. कोणत्याही काठीचा, कोणत्याही शिशाचा ह्यावर उपाय चालत नाही, हे धंद्यातल्या माणसास पक्के ठाऊक असते.

1859 साली ॲलन काविळीने वारला. सर्वांत थोर खेळाडू कोण, ह्या प्रश्नाचे आजवरचे उत्तर त्याच्याबरोबर गेले. म्हणून 17 ऑक्टोबर 1860 रोजी प्रेस्टविक येथे आठ धंदेवाईक खेळाडूंची स्पर्धा झाली. बक्षीस म्हणून चांदीने मढविलेला लाल चामड्याचा कमरपट्टा होता. आज जगभर गाजणाऱ्या ओपन अजिंक्यपद स्पर्धेचा हा आरंभ. मैदान टॉमने आखलेले, त्यातील प्रत्येक उंचवटा त्याच्या पायाखालचा. तरी विली पार्कने 174 टोल्यांत खेळ संपविला व टॉमला 176 लागले. पुढच्या वर्षी टॉम जिंकला, त्याच्या पुढच्या वर्षी 13 टोल्यांच्या अंतराने जिंकला, आणि नंतर 1864 व 1867 साली पुन्हा जिंकला. शेवटच्या वेळी त्याचे वय 46 होते. इतक्या वयात ही स्पर्धा जिंकणारा दुसरा खेळाडू अद्याप झालेला नाही.

मध्यंतरी सेंट अँड्र्यूजच्या क्लबाने त्यास परत बोलाविले. वर्षास 50 पौंड पगार, मैदानाच्या खर्चास आणखी 20 पौंड, आणि एक हातगाडी, एक कुदळ व एक फावडे एवढ्या साहित्यावर त्याने ते जुने मैदान हाती घेतले. ते झुडपांनी भरलेले व हिरवळी उखडलेल्या अशा स्थितीत होते. त्याचे मुख्य औषध वाळू. प्रेस्टविकला एकदा वाळूची गाडी हिरवळीवर उलटली आणि त्या जागी गवत अधिक जोमाने आले, हे त्याने पाहून ठेविले होते. मग आयुष्यभर तो मदतनिसास आणखी वाळू, आणखी वाळू असे सांगत राहिला. पूर्वी ज्या खळगीत चेंडू पाडला तिच्या लगतच उभे राहून पुढचा टोला मारीत, त्यामुळे हिरवळीची नासाडी होई. त्याने टोल्यांसाठी निराळ्या जागा केल्या. आणि रविवारी मैदान बंद. तो चर्चचा वडील होता, प्रभूच्या दिवसाविषयी त्याचे मन स्पष्ट होते; पण खेळू मागणारांस तो आणखी एक कारण सांगे, ते असे की तुम्हांस विसावा नको असेल, गवतास तो हवा आहे. काही मोठ्या स्पर्धांचे दिवस सोडले तर ते जुने मैदान आजही रविवारी खेळास बंद असते.

आता त्याच्या पुत्राविषयी. पहिला टॉम नावाचा मुलगा चार वर्षांचा होऊन 1850 साली वारला. पुढच्या वर्षी झालेल्या मुलास तेच नाव ठेविले. हा धाकटा टॉम. 1868 साली वयाच्या 17व्या वर्षी त्याने प्रेस्टविकला अजिंक्यपद मिळविले, आणि दुसरा क्रमांक त्याच्या बापाचा आला. मुलाकडून असे हरणे कोणत्या बापास गोड लागणार नाही? पुढील दोन वर्षे तोच जिंकला. नियमाप्रमाणे तीन वेळा जिंकल्यामुळे कमरपट्टा कायमचा त्याच्या घरी आला. मग बक्षीसच उरले नाही म्हणून 1871 साली स्पर्धा झाली नाही. 1872 साली ती पुन्हा सुरू झाली, तेव्हाही विजयी धाकटा टॉमच. आणि हिरवळीवर, जेथे बापाचा हात कचरे, तेथे ह्या मुलाचा हात सर्वांत धीट होता.

1875 च्या सप्टेंबर महिन्यात पितापुत्र नॉर्थ बेरिक येथे विली पार्क व त्याचा भाऊ मंगो यांच्याशी खेळत होते. धाकट्या टॉमची पत्नी मार्गारेट घरी सेंट अँड्र्यूजला होती व प्रसूतीचे दिवस भरत आले होते. खेळ चालू असता तार आली की तिची प्रकृती गंभीर आहे, ताबडतोब यावे. सामना एका खळगीच्या फरकाने जिंकून दोघे तडक निघाले. आगगाडीचा मार्ग वळसा घेऊन जाणारा. म्हणून एका सद्गृहस्थाने आपली शिडाची नौका दिली व खाडीतून त्यांस पलीकडे नेण्याची तजवीज केली. इतक्यात दुसरी तार आली. आई व मूल, दोघेही गेली होती. त्या रात्रीच्या प्रवासाचे वर्णन आम्ही करीत नाही. मुलास कोणत्या शब्दांनी हे सांगावे, हा प्रश्न त्या बापापुढे पडला होता, आणि चर्चमध्ये इतरांच्या दुःखात धीर देण्याची सवय असूनही तो त्याच्या उपयोगी पडली असेल असे आम्हांस वाटत नाही.

धाकटा टॉम त्यानंतर एक-दोनदा खेळला, पण त्याचे लक्ष कशातच राहिले नाही. नाताळच्या दिवशी सकाळी तो खाली आला नाही म्हणून बाप त्याच्या खोलीत गेला, तो मुलगा अंथरुणात गतप्राण झालेला दिसला. फुप्फुसातील रक्तवाहिनी फुटली होती. वय 24 वर्षांचे. दुःखाने काळीज फाटून तो मेला असे लोक म्हणू लागले. थोरला टॉम ते मान्य करीत नसे. दुःखाने माणूस मरत असता तर मी आज येथे नसतो, अशा अर्थाचे त्याचे उत्तर असे. 1878 साली साठ गोल्फ मंडळांच्या वर्गणीतून कॅथीड्रलच्या आवारात पुत्राच्या थडग्यावर त्याची खेळण्याच्या पवित्र्यातील आकृती कोरून बसविली. तोपर्यंत टॉमची पत्नीही गेली होती. पायांनी पंगू असलेला मुलगा जॉन दुकानात बसून चेंडू करी, तो 1893 साली गेला. मुलगी लिझी 1898 साली. उरलेला मुलगा जेम्स 1906 साली. सर्व अपत्यांस मूठमाती देऊन म्हातारा मागे राहिला.

ह्या सर्व काळात दुकान उघडे होते. हिवाळ्यातही पहाटे समुद्रात स्नान करावे, मातीची चिलीम पेटवावी, मैदानाची एक फेरी करावी आणि मग मागे दुकानात येऊन काठी तोलीत बसावे, असा त्याचा क्रम. डॉरनॉक, म्युरफील्ड, आयर्लंडातील न्यूकॅसल अशा कित्येक ठिकाणी बोलावणे आले म्हणून त्याने मैदाने आखून दिली. त्याच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांत हिंदुस्थानातून परतलेले साहेबलोकही पुष्कळ असत; कलकत्त्यास 1829 पासून व मुंबईस 1842 पासून गोल्फचे क्लब होते, आणि मुंबईच्या क्लबाने 1845 साली सेंट अँड्र्यूजच्या क्लबास एक रौप्यपदक भेट दिले होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतून तिसरा चेंडू आला. कोबर्न हॅस्केल याने 1899 साली रबराचे धागे ताणून गुंडाळलेल्या चेंडूचे पेटंट घेतले होते, आणि 1902 साली सँडी हर्डने त्याच चेंडूने ओपन जिंकली. हा चेंडू लांब जाई, मऊ लागे, पण महाग होता. कारागीर व जुने खेळाडू त्याच्यावर तुटून पडले. टॉमने मात्र त्याची निंदा केली नाही. लोक नव्या चेंडूवर चिडलेले पाहून त्यास ॲलनचा चेहरा आठवे, आणि तो ती जुनी गोष्ट विचारणारास सांगे. पिसांच्या चेंडूपासून रबरी चेंडूपर्यंत तिन्ही त्याने हाताळले.

1903 साली त्याने मैदानाचे काम सोडले. क्लबाने त्याचा पगार चालू ठेविला व सर जॉर्ज रीड यांच्याकडून त्याचे चित्र काढवून घेतले. 24 मे 1908 रोजी न्यू गोल्फ क्लबच्या जिन्यावरून तो खाली पडला व त्यातच त्याचा अंत झाला. वयास 87 वर्षे पुरी होण्यास तीन आठवडे उरले होते. तो दिवस रविवार होता व मैदान रिकामे होते. त्यास धाकट्या टॉमच्या शेजारी पुरले. जुन्या मैदानाच्या अठराव्या खळगीस त्याचे नाव दिलेले आहे, आणि तिच्यासमोरच, रस्त्याच्या पलीकडे, त्याच्या दुकानाची जागा आहे.